बेटांवरचे उड्या मारणारे कोळी: आले कसे, वेगळे झाले कसे, हे शोधायची पद्धत

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर लांब, प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई बेटं आहेत. ती कुठल्याही खंडाला कधी जोडलेली नव्हती. समुद्रतळातून वर आलेल्या लाव्हाची ती बनली आहेत. तरीही तिथल्या जंगलांत ‘हवाइका’ नावाचा उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, राहतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलंडचे कोळीतज्ज्ञ येझी प्रुशिन्स्की यांनी संग्रहालयांत पडून असलेले नमुने तपासले आणि या वंशात २३ जाती मांडल्या. त्यातल्या २० जाती तोवर विज्ञानाला ठाऊकच नव्हत्या. पंख नसलेला, काही मिलिमीटर लांबीचा प्राणी इतक्या लांब पोचला कसा? आणि पोचल्यावर त्याच्या इतक्या जाती कशा झाल्या?

या दोन प्रश्नांची उत्तरं कशी शोधतात, ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. जंपिंग स्पायडरचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत कुठल्याही बेटाला लावून पाहता येईल. मुख्य उदाहरण हवाईचंच घेतलं आहे.

पायरी १: कोळ्याआधी बेटाची माहिती काढा

बहुतेक जण सुरुवात कोळ्यापासून करतात. माझ्या मते सुरुवात बेटापासून करावी, कारण पुढचा प्रत्येक निष्कर्ष बेटाच्या वयावर आणि जन्मावर टेकलेला असतो.

पहिला प्रश्न: बेट समुद्रातून नव्याने वर आलं, की खंडाचा तुकडा पाण्याने वेगळा पडला? हवाई, दक्षिण प्रशांत महासागरातली मार्केसास, इंडोनेशियातलं क्राकाताऊ ही पहिल्या प्रकारची. तिथे सुरुवातीला जमिनीवरचं काहीच नव्हतं, म्हणजे आज जे आहे त्याचे पूर्वज बाहेरूनच आले. आपल्याकडचं घारापुरी किंवा खांदेरी दुसऱ्या प्रकारात मोडतं. साधारण २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ उघडा पडला होता. तेव्हा ही ‘बेटं’ कोरड्या जमिनीवरच्या टेकड्या होत्या. तिथल्या कोळ्यांना समुद्र ओलांडावाच लागला नाही.

दुसरा प्रश्न वयाचा. हवाईत हे विलक्षण सोपं आहे. पृथ्वीच्या पोटातला लाव्हाचा उगम जवळपास जागच्या जागी राहतो आणि त्यावरून प्रशांत महासागराचं भूपट्ट दर वर्षी काही सेंटिमीटर वायव्येकडे सरकतं. त्यामुळे बेटं वयानुसार ओळीत लागली आहेत. कौआई सुमारे ५० लाख वर्षांचं, ओआहू ३० ते ४० लाख, मोलोकाई आणि माउई साधारण १० ते २० लाख, आणि आग्नेयेचं मोठं हवाई बेट सुमारे ५ लाख वर्षांचं. ही ओळ कागदावर काढून समोर ठेवा. शिवाय मोलोकाई, माउई, लानाई आणि काहोओलावे ही चार बेटं समुद्र खाली असताना एकमेकांना जोडलेली होती, हीही नोंद करा. नाहीतर त्या चारांत सापडलेली एकच जात पाहून ‘समुद्र ओलांडला’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे कुळाचं स्वतःचं वय. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं सॉल्टिसिडी हे कुळ कोळ्यांमधलं सर्वांत मोठं, सहा हजारांहून जास्त जातींचं. पण त्यातली बहुतेक विविधता गेल्या ५ कोटी वर्षांत घडली आहे. भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून वेगळे झाले त्याला ६ कोटींहून जास्त वर्षं झाली. म्हणून दोन्हीकडे एकाच वंशाचे उड्या मारणारे कोळी दिसले, तर भूखंड फुटले तेव्हा ते दोन्हीकडे वाटले गेले असं सहसा म्हणता येत नाही. हा हिशेब आधी केला की निम्म्या आकर्षक गोष्टी आपोआप गळून पडतात.

पायरी २: माणसाबरोबर आलेले कोळी बाजूला काढा

बेटावर उतरल्यावर पहिला उड्या मारणारा कोळी दिसतो तो बहुधा भिंतीवर, आणि तो बहुधा परका असतो. जगभरच्या उष्ण प्रदेशांत माणसाच्या सामानाबरोबर पसरलेल्या तीन जाती तरी डोळ्यांत बसवून घ्या.

मेनेमेरस बायव्हिटाटस हा चपटा, करडा कोळी. महाराष्ट्रात घराच्या बाहेरच्या भिंतीवर, कंपाउंडवर माश्यांवर टपून बसलेला हाच. प्लेक्सिपस पायकुलीचा नर काळा, अंगावर मधोमध आणि कडेला पांढरे पट्टे, मादी तपकिरी. हॅसेरियस ॲडॅन्सनीचा नर काळा, चेहऱ्यावर लालसर झाक आणि पोटाच्या पुढच्या भागावर पांढरी कोर. हे तिन्ही हवाईतही आहेत आणि आपल्याकडेही आहेत.

ओळखायच्या खुणा अशा: कोळी फक्त इमारती, बंदर, बागा यांच्याच आसपास मिळतो, जंगलात आत गेलं की नाहीसा होतो, बेटावरचे आणि हजारो किलोमीटर लांबचे नमुने दिसायला सारखेच असतात. यादी करताना ‘स्थानिक’, ‘आलेला’ आणि ‘नक्की नाही’ असे तीन रकाने ठेवा. तिसऱ्या रकान्याची लाज वाटू देऊ नका. बेटांवरच्या संशोधनात तो रकाना प्रामाणिकपणे भरलेला असणं फार मोलाचं असतं.

पायरी ३: प्रवासाचे मार्ग तपासा

कोळ्यांच्या प्रवासाचा एक जुना आणि नीट लिहून ठेवलेला दाखला चार्ल्स डार्विनचा आहे. १८३२ साली ‘बीगल’ जहाज ला प्लाटा नदीच्या मुखासमोर, किनाऱ्यापासून सुमारे साठ मैलांवर असताना जहाजाच्या दोरांवर बारीक कोळ्यांची जाळी आणि हजारो कोळी दिसले. दुसरा दाखला क्राकाताऊचा. १८८३ च्या ऑगस्टमधल्या उद्रेकाने ते बेट भाजून निघालं. १८८४ च्या मे महिन्यात तिथे गेलेले फ्रेंच प्रवासी एदमों कोत्तो यांना एकच सजीव दिसला: धागा विणत बसलेला एक बारीकसा कोळी. हा जाळं विणणारा असल्याने आपल्या कुळातला म्हणता येणार नाही. पण राखेच्या ढिगाऱ्यावर सर्वांत आधी पोचणाऱ्यांत कोळी असतात, हे त्यातून दिसतं.

हे हवेतून जाणं, ज्याला बलूनिंग म्हणतात, जवळून पाहण्यासारखं असतं. ऊन पडून जमिनीवरची हवा वर उठायला लागली आणि वारा अगदी मंद असला, की गवताच्या किंवा कुंपणाच्या टोकांकडे बघा. पिल्लू सर्वांत उंच टोकावर चढतं. आठही पाय ताठ करून अंग उचलतं, अगदी चवड्यांवर उभं राहिल्यासारखं. मग पोटाचं टोक आभाळाकडे करतं आणि धागे सोडतं. ते धागे उन्हाचा कोन जुळला तरच दिसतात. क्षणभर पाय टोकाला चिकटलेले असतात आणि दुसऱ्या क्षणी तिथे काहीच नसतं. बर्लिनच्या संशोधकांनी २०१८ साली खेकडा-कोळ्यांवर केलेल्या निरीक्षणांत आढळलं की कोळी आधी पुढचा पाय हवेत धरून वाऱ्याचा अंदाज घेतो, मग साधारण तीन मीटर लांबीचे कित्येक अतिसूक्ष्म धागे एकदम सोडतो. वारा सेकंदाला तीन मीटरपेक्षा जास्त असेल तर बहुधा निघतच नाही. त्याच वर्षी ब्रिस्टल विद्यापीठातल्या प्रयोगांत दुसऱ्या एका कुळाचे बारीक कोळी वारा नसलेल्या पेटीत नुसत्या विद्युतक्षेत्रामुळे चवड्यांवर उभे राहिले आणि उचललेही गेले. म्हणजे वाऱ्याबरोबर हवेतला विद्युतभारही या प्रवासात भाग घेतो.

पण इथे वजनाचा विचार करा. हवेतून जाणारे बहुतेक कोळी एक मिलिग्रॅमपेक्षाही हलके असतात. उड्या मारणाऱ्या कोळ्यांमध्ये ही मजल पिल्लांचीच; पूर्ण वाढलेला कोळी जड असतो. म्हणून दुसरा मार्ग विसरू नका, तो म्हणजे वाहत आलेलं लाकूड. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोठमोठे ओंडके हवाईच्या किनाऱ्याला लागतात, आणि पूर्वी हवाईचे लोक त्यांच्या होड्याही करत. उड्या मारणारे कोळी सालीखाली, भेगांत दाट रेशमाची पिशवी विणून तिच्यात राहतात आणि अंडीही तिथेच घालतात. अशी पिशवी ओंडक्याबरोबर तरंगत जाणं अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या कांगारू बेटावर बिळात राहणारा एक झाकण-कोळी आहे, जो हवेतून प्रवास करत नाही. त्याचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत, आणि डीएनएच्या हिशेबानुसार हे दोघे वेगळे झाले ते दोन्ही भूखंड दुरावल्यानंतर खूप उशिरा. संशोधकांच्या मते तो हिंदी महासागर तरंगतच ओलांडून गेला.

तुमच्या कोळ्यासाठी मार्ग ठरवताना ‘नक्की असंच’ असं लिहू नका. पिल्लं उडतात का, कोळी जमिनीवर राहतो की सालीत, समुद्राचे प्रवाह आणि नेहमीचे वारे कुठून कुठे जातात, एवढं मांडा. शेवटी जुळणारा मार्ग कोणता ते वंशवृक्ष सांगेल.

पायरी ४: अंतराचा हिशेब नीट लावा

या लेखात मला सर्वांत महत्त्वाचं जे सांगायचं आहे ते इथे आहे. नवी जात घडायला बेटावर पोचणं जितकं गरजेचं, तितकंच त्यानंतर पुन्हा पुन्हा कुणी न पोचणंही गरजेचं असतं.

बेट किनाऱ्याला लागून असेल तर दरवर्षी नवी पिल्लं येत राहतात, बेटावरच्यांत मिसळतात, आणि कोणताही फरक रुजायच्या आत धुऊन निघतो. बेट अतिशय लांब असेल तर कुणी येतच नाही. जाती वाढतात त्या मधल्या पट्ट्यात, जिथे लाखो वर्षांत एखाद-दुसरी मादी पोचते आणि नंतर दार बंद असल्यासारखं होतं. प्लेक्सिपस पायकुली शेकडो बेटांवर पोचला आहे आणि सगळीकडे तोच राहिला आहे. जहाजांनी त्याला येण्याजाण्याची इतकी सोय करून दिली की वेगळं व्हायला वेळच मिळाला नाही. म्हणून एखाद्या बेटावर खूप कोळी सापडले म्हणून तिथे खूप नव्या जाती असतील असं समजू नका.

पायरी ५: गोळा करण्याची आणि नोंदीची शिस्त

साधनं साधी लागतात. पांढरी किंवा फिकट छत्री उलटी धरायची आणि वरच्या फांदीला काठीने तीन-चार झटके द्यायचे. जे पडतं त्यातले उड्या मारणारे कोळी लगेच ओळखू येतात, कारण ते पळायच्या आधी थांबून तुमच्याकडे वळून बघतात. पारदर्शक डबी त्यांच्यावर पालथी घाला आणि खालून कागद सरकवा. पाचोळ्यासाठी चाळणी, सालीसाठी नजर. हे कोळी दिवसा फिरतात, म्हणून सकाळी ऊन चढल्यावर निघा.

नोंदीत तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाड कोणतं आणि कोळी पानावर होता, खोडावर की पाचोळ्यात, एवढं हवंच. ‘हवाई, जंगल’ एवढंच लिहिलेला नमुना जातींच्या प्रश्नाला जवळपास निरुपयोगी आहे. आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं की एकाच बेटावर दोन जाती कशा वाटून राहतात.

फोटोच काढायचे असतील तर चार बाजूंनी काढा: समोरून चेहरा, वरून, बाजूने, आणि काचेच्या तळातून खालचं पोट. शेवटचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, आणि मादीची ओळख तर पोटाखालच्या जननछिद्राभोवतीच्या कडक पट्टीवरूनच होते. नराची ओळख पाल्पवरून, म्हणजे तोंडाजवळच्या हातांसारख्या दोन अवयवांवरून होते. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाल्पचं टोक मुष्टियुद्धाच्या हातमोज्यासारखं फुगलेलं दिसतं. पिल्लांची जात नुसत्या फोटोवरून सांगायचा मोह टाळा.

नमुना ठेवायचा असेल तर बाहेरची रचना बघण्यासाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालतं. डीएनएसाठी मात्र ९५ टक्क्यांच्या वरचं लागतं आणि डबी थंड जागी ठेवावी लागते. लेबल पेन्सिलने लिहून डबीच्या आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि हे सगळं परवानगी घेऊनच. संरक्षित क्षेत्रात वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि नमुने देशाबाहेर पाठवायचे तर जैवविविधता कायद्याचे नियम पाळावे लागतात. बेटावरच्या जाती आधीच मोजक्या जागेत असतात. जिथे फोटोने काम भागतं तिथे जीव घेऊ नये.

पायरी ६: नराचा चेहरा आणि नाच

अंतरामुळे कोळी वेगळे पडतात, पण वेगळे दिसायला का लागतात? याचं सर्वांत सुंदर उदाहरण समुद्रात नाही, अमेरिकेच्या आग्नेय ॲरिझोनात आहे. तिथे ओक-पाइनची झाडी उंच डोंगरांवर आहे आणि मधे कोरडी, गवताळ, वाळवंटी जमीन. अशा डोंगरांना ‘आकाशबेटं’ म्हणतात. हिमयुगात ही झाडी खाली उतरली होती. हवा तापत गेली तशी ती वर सरकली आणि सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपासून डोंगर एकमेकांपासून तुटले.

या झाडीत हॅब्रोनॅटस प्युगिलिस नावाचा कोळी राहतो. तो हवाइकाच्याच नातेवाईकांपैकी आहे. प्रत्येक डोंगररांगेवरच्या नराच्या चेहऱ्याची रंगसंगती, पाल्पवरच्या खुणा, पुढच्या पायांची सजावट आणि मादीसमोर नाचताना पाय हलवायची तऱ्हा वेगळी आहे. माद्या मात्र जवळपास सारख्या. सुझन मास्टा आणि वेन मॅडिसन यांनी २००२ साली दाखवलं की एका डोंगरावरचे सगळे नर एकाच सजावटीवर स्थिरावले आहेत, तरी त्यांचे मायटोकॉन्ड्रियल (फक्त आईकडून येणारे) जनुक अजून तसे वेगळे झालेले नाहीत. नुसत्या योगायोगाने फरक साचले असते तर उलटं दिसलं असतं. म्हणजे माद्यांची निवड नरांना ओढत नेते आहे.

यात आणखी एक गुंता आहे. एका डोंगरावरच्या माद्यांसमोर घरचे आणि परक्या डोंगरावरचे नर ठेवले, तेव्हा त्या परक्यांशी जास्त जुळल्या. म्हणून ‘मादी आपल्याच नाचाला ओळखते, म्हणून जाती वेगळ्या राहतात’ हे वाक्य तपासल्याशिवाय कधीही लिहू नका.

तुम्हाला नाच नोंदवायचा असेल तर कशिद्याच्या रिंगेत नायलॉनचं पातळ कापड ताणा, खालून पायझो डिस्क (थरथर टिपणारी चकती) चिकटवून ती रेकॉर्डरला जोडा आणि वरून व्हिडिओ घ्या. हे कोळी पोट आणि पाय थरथरवून कापडातून संदेश पाठवतात आणि कानाला न येणारी ती थाप अशी पकडता येते. चेहऱ्याचा फोटो एका जातीत बसतो आणि थाप दुसरीकडे, असं झालं तर लक्ष द्या.

पायरी ७: वंशवृक्ष वाचा

आता डीएनए. वृक्ष समोर आला की आधी हे विचारा: एखाद्या जातीची सर्वांत जवळची बहीण त्याच बेटावर आहे की शेजारच्या? त्याच बेटावर असेल तर जात बहुधा तिथेच फुटली. शेजारच्या बेटावर असेल तर समुद्र ओलांडून गेलेल्या एखाद्या मादीपासून फुटली. मग बेटांच्या वयाची ओळ फांद्यांच्या क्रमाशी जुळवा. सर्वांत खोल फांद्या जुन्या कौआईवर आणि टोकं नव्या हवाई बेटावर असतील, तर कोळी नवीन बेट वर आलं की पुढे सरकत गेले असं म्हणता येतं. क्रम उलटा लागला तर परतीचा प्रवास झाला असेल.

हवाइकाबाबत मिकेल आर्नेदो आणि रोझमेरी गिलेस्पी यांनी २००६ साली हे काम केलं. मार्केसास बेटांवरचे आणि हवाईचे कोळी वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे पोचले असं त्यांना दिसलं. हवाईतही दोन वेगळ्या फांद्या निघाल्या, कदाचित दोन वेगळ्या आगमनांतून. आणि आकारावरून पाडलेल्या अनेक जाती जनुकांच्या वृक्षाशी जुळल्या नाहीत. म्हणून ‘२३ जाती’ हा आकडा वापरताना तो संग्रहालयातल्या नमुन्यांच्या बाहेरच्या रचनेवरून आलेला आहे हे लक्षात ठेवा.

शेजारच्याच टेट्राग्नाथा या लांब जबड्याच्या कोळ्यांत हवाईच्या वेगवेगळ्या बेटांवर हिरवे, तांबूस, तपकिरी असे तेच ते प्रकार पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे घडले आहेत. हे उदाहरण इतकं देखणं आहे की ते सगळ्या कोळ्यांना चिकटवलं जातं. उड्या मारणाऱ्यांना ते लागू आहे की नाही, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावं लागतं.

एक सापळा वयाच्या हिशेबातला. जनुकं किती वेगाने बदलतात हे ठरवायला बेटाचं वय वापरलं, तर त्याच वेगावरून ‘कोळी बेटाइतकेच जुने आहेत’ असं सिद्ध करता येत नाही. वेग दुसरीकडून घ्या, निदान जीवाश्मांतून. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे जीवाश्म बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या डिंकात, सापडतात, आणि तो अंबर ४ कोटींहून जास्त वर्षांचा आहे. दुसरा सापळा: कोळी ज्या बेटावर आज आहे त्याच्याहून जुना निघू शकतो, कारण त्याचे पूर्वज आता बुडालेल्या जुन्या बेटावर राहिले असतील. हवाईच्या वायव्येला अशा झिजून बुडालेल्या बेटांची लांब रांगच आहे.

महाराष्ट्रात सराव कुठे करावा

घारापुरीवर नवी जात शोधायला जाऊ नका, तिथे सराव करायला जा. किनाऱ्यावरच्या आणि बेटावरच्या याद्या सारख्या निघाल्या पाहिजेत. नाही निघाल्या तर तुमची शोधायची पद्धत अपुरी आहे हे कळेल. लक्षद्वीपची बेटं लांब आहेत पण ती समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर आलेली प्रवाळाची कंकणं आहेत. तिथे पोचणाऱ्यांचा अभ्यास होईल, पण लाखो वर्षांच्या विभाजनाची अपेक्षा ठेवू नये.

खरा वाव सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाबळेश्वर, भीमाशंकर यांसारखी सदाहरित रानं आणि मधली उघडी, उन्हात तापणारी पठारं हा आकाशबेटांसारखाच मांडलेला प्रश्न आहे. एकच वंश निवडा, दोन रानांतले आणि मधल्या उतारावरचे पूर्ण वाढलेले नर समोरून टिपा, आणि चेहऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसलाच तर घाईने नाव देऊ नका. आधी उतारावरचा नर मधल्या रूपाचा आहे का ते बघा. तो मधल्या रूपाचा निघाला तर रानं अजून जोडलेली आहेत. उतारावर तो वंशच मिळत नसेल, तर नमुने घेऊन कोळ्यांच्या वर्गीकरणावर काम करणाऱ्या तज्ज्ञाला गाठा. २०२१ साली ठाणे-कल्याण पट्ट्यातून हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावाने नोंदलेला आयसियस तुकारामी हा उड्या मारणारा कोळी असाच आधी कुणाच्या तरी नजरेस पडला आणि मग पाल्पपर्यंत तपासला गेला.